थोरल्याची सायकल धाकट्याला देताना

थोरल्याची सायकल धाकट्याला मिळते, ही आपल्या घरांतली जुनी रीत. रीत चांगलीच आहे. पैसा वाचतो, धड वस्तू भंगारात जात नाही. पण वर्गातल्या धाकट्यांकडून आम्ही वेगळंही ऐकतो. गणवेश भाईजानचा, दप्तर भाईजानचं, आणि सायकल? तीही भाईजानचीच. म्हणून सायकल देताना तिला नव्या मालकाच्या आवडीचा रंग द्यावा, आणि जमेल तेवढं काम त्याच्याच हातून करून घ्यावं. मुलगी असली तर तिच्याही हातून.

जुन्या फ्रेमला कमी लेखू नका. एके काळी वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. अशा कारखान्यांतल्या दणकट सायकलींवरून घाटकोपरपासून मालवणीपर्यंत पाववाले अजूनही फिरतात. रंगही आपल्याला परका नाही. 1942 साली गिरगावात चार मित्रांनी सुरू केलेल्या एशियन पेंट्सचा कारखाना पुढे आपल्याच भांडुपला उभा राहिला.

हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत रंग नीट वाळत नाही आणि आत अडकलेला ओलावा पुन्हा गंज धरतो. दिवाळीची सुट्टी उत्तम. जागा उघडी हवी: गच्ची किंवा अंगण. सोसायटीत आधी विचारून घ्यावं, शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे सांभाळावेत. बंद खोलीत किंवा पेटत्या शेगडीजवळ टर्पेंटाइन आणि रंगाचे डबे उघडूच नयेत.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत 90 भागांची मर्यादा आहे. पण तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी. आपल्या सायकलीवरचा कारखान्यातला रंग कधीचा, कोणता, हे कळायला मार्ग नसतो. तेव्हा शिसं आहे असंच धरून चालावं. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूवर परिणाम करते; लक्ष लागणं, शिकणं यांवर तिचा घाला पडतो. ते नुकसान भरून निघत नाही.

म्हणून घासकाम मोठ्यांनीच करावं. लहान मुलं आणि गरोदर बाई यांना तेव्हा दूर ठेवावं. कोरडं घासू नये. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासावं, म्हणजे धूळ उडत नाही. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो पुरता काढायची गरज नाही. चकाकी मोडली तरी पुरे. गंज आणि सुटलेले पापुद्रे मात्र निघालेच पाहिजेत. तिथे 120 नंबरचा कागद, बाकी ठिकाणी 220 चा. खाली वर्तमानपत्र अंथरावं, मळी त्यातच गुंडाळून टाकावी. झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावं. कपडे वेगळे धुवावेत, आणि हात धुतल्याशिवाय पाण्याच्या ग्लासालाही हात लावू नये.

धाकट्याचं काम त्याआधी आणि त्यानंतर. चाकं, चेन, मडगार्ड, सीट उतरवताना त्याने प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढावा आणि नटबोल्ट डब्यांत वेगवेगळे ठेवावेत. पेडलच्या जागेखाली फ्रेमवर बहुधा नंबर ठोकलेला असतो. तो वहीत लिहून घ्यावा. सायकल चोरीला गेली तर तक्रारीला उपयोगी पडतो. मग साबणाने धुऊन ग्रीस काढावं. आटे आणि बेअरिंगच्या जागा टेपने झाकाव्यात.

घासून झालं की फ्रेम ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी. मग उघड्या पडलेल्या लोखंडावर रेड ऑक्साईडचा हात, आणि रात्रभर थांबावं. त्यानंतर तेलरंग. लहान सायकलीला 200 मिलीलीटरचा डबा सहज पुरतो. फ्रेम दोरीने टांगून पातळ हात द्यावा. जाड दिला की ओघळ येतात. पहिला हात वाळला की 400 नंबरच्या कागदाने हलकेच घासून, पुसून दुसरा द्यावा. डब्यावर वाळण्याची वेळ लिहिलेली असते, ती पाळावी. ब्रेक जिथे घासतो त्या रिमला रंग लावू नये, मागचा रिफ्लेक्टरही रंगवू नये. तेलरंगाची फडकी गोळा करून कोंबू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवावीत.

हाताला चिकटत नाही म्हणजे रंग पिकला असं नव्हे. जोडणीआधी आठवडाभर थांबलेलं बरं. मग नवं ग्रीस भरून जोडणी करावी, आणि ब्रेक व बेअरिंग एकदा सायकलवाल्या चाचांना दाखवून घ्यावेत. त्यांची मजुरी कापू नये. तो त्यांचा हुन्नर आहे.

रंग कोणता, हे मात्र धाकट्यालाच ठरवू द्या. पोपटी म्हणाला तर पोपटी. आणि त्या दिवसापासून घरात एक नियम करा: भाईजानला ती सायकल चालवायची असेल, तर त्याने आधी धाकट्याला विचारावं.