‘पुनर्’ या उपसर्गाविषयी

२१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉक या माजी धर्मगुरूला बाप्तिस्मा दिला. विरोधकांनी या पंथाला ‘पुनर्बाप्तिस्मावादी’ म्हटले आणि इतिहासाने तेच नाव चालवले. माझ्या मते या उपसर्गातच वादाचा निकाल आधी लावलेला आहे. तान्ह्या बाळाला दिलेला बाप्तिस्मा या मंडळींच्या लेखी बाप्तिस्माच नव्हता; विश्वास आधी, पाणी नंतर. म्हणजे प्रौढपणी घेतलेला हा त्यांचा पहिलाच. नगरसभेला मात्र यातला धोका नेमका उमगला होता: ख्रिस्तीपण जन्माने मिळत नसेल, तर नगर आणि चर्च एकच कसे राहणार? ५ जानेवारी १५२७ रोजी तिने फेलिक्स मांझला लिमात नदीत बुडवून मारले. शिक्षेलाही पाणीच! मराठीत लिहिताना निदान तो ‘पुनर्’ अवतरणचिन्हांत ठेवावा.