काळ्या काचेवरची पूजा

आपल्या भाषेत पायाला केवढा मान आहे! थोरामोठ्यांच्या आपण पाया पडतो, पाहुण्याला घरी पायधूळ झाडायला बोलावतो, लाडक्या लेकीचे पाऊल लक्ष्मीचे मानतो. प्रेमाच्या प्रांतातही पाय मागे नाही. कॉलेजात संस्कृत घेतलेल्यांना कालिदासाचा 'मालविकाग्निमित्र'मधला तिसरा अंक आठवत असेल. सुंदर स्त्रीच्या पायाचा प्रहार झाल्याखेरीज अशोक फुलत नाही, हा कविसंकेत. झोपाळ्यावरून पडल्यामुळे राणी धारिणीचा पाय दुखावलेला, म्हणून मालविकेची योजना झालेली. सखी तिच्या पायाला अळिता लावते आहे, आणि अग्निमित्र महाराज विदूषकासह आडोशाला उभे राहून ते टक लावून पाहत आहेत. त्याच अंकात पुढे रागावलेली इरावती कमरपट्टा उगारते आणि हे सार्वभौम राजेसाहेब सरळ तिच्या पाया पडतात. प्रेक्षक हसतात. कुणाला त्यात वावगे वाटत नाही.

परंतु समजा, एखाद्या माणसाच्या मनात तो पाय असा रुतून बसला, की बाकीची स्त्री त्याला दिसेनाशीच झाली, तर? एखाद्या अवयवावर, बुटावर किंवा मोज्यावर कामना अशी खिळून राहण्याला मानसशास्त्राने 'फेटिश' हे नाव दिले. आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने 1887 साली तो शब्द या अर्थाने वापरला. मुळात तो पोर्तुगीज भाषेतून आलेला. पश्चिम आफ्रिकेतले लोक ज्या वस्तूंना दैवी शक्तीच्या समजून भजत, त्यांना युरोपियनांनी हे नाव दिले होते. म्हणजे शब्द जन्मला पूजेच्या घरात, आणि वाढला डॉक्टरांच्या दवाखान्यात! त्याला पुन्हा पूजेच्या घरात नेऊन सोडणारा एक चित्रकार पोलंडात होऊन गेला. त्याच्याविषयी आज लिहायचे आहे. दिवाळी अंक घरात मामंजींपासून सूनबाईंपर्यंत साऱ्यांच्या हातून फिरतो, हे मी विसरलेलो नाही. तरीही हा माणूस टाळावासा वाटत नाही.

त्याचे नाव ब्रुनो शुल्ट्स. जन्म 1892चा, द्रोहोबिच या आडगावी. ते गाव त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, मग पोलंडात गेले, आज युक्रेनमध्ये आहे. ज्यू कुटुंब, वडिलांचे कापडाचे दुकान. ब्रुनो स्थापत्यशास्त्र शिकायला ल्वूव्ह शहरात गेला, पण आजारपण आणि महायुद्ध आडवे आले. चित्रकला तो आपली आपणच शिकला. 1924 पासून गावच्या शाळेत चित्रकलेचा आणि हस्तव्यवसायाचा मास्तर झाला, तो 1941 पर्यंत. माणूस अंगाने किरकोळ, स्वभावाने बुजरा. वर्गातली मुले दंगा करू लागली, की छडीऐवजी तो त्यांना गोष्ट सांगे. (या उपायाची शिफारस मी आमच्या स्टाफरूममध्ये केली, तेव्हा सगळे हसले. असो.)

नोकरी लागण्याच्या आधी, 1920 ते 1922 च्या सुमारास, या माणसाने एक चित्रमालिका केली. तिचे नाव मराठीत सांगायचे तर 'मूर्तिपूजेची पोथी'. 'पोथी' हा शब्द मी मुद्दाम योजला आहे, कारण त्यानेही पोलिश भाषेतला पुस्तकवाचक शब्द जुन्या हस्तलिखितांच्या वळणाने लिहिला होता. मात्र 'मूर्तिपूजा' या शब्दाने मराठी वाचकाची फसगत होते. गणपती-गौरी घरी आणणाऱ्या आपल्याला त्या शब्दाची नांगी लागत नाही. ज्यू माणसाला ती लागते. मूर्ती घडवू नये, तिच्यापुढे वाकू नये, ही त्याच्या धर्माच्या दहा आज्ञांपैकी एक. त्यामुळे शुल्ट्सने दिलेले नाव म्हणजे एकाच वेळी भक्ती आणि पापाची कबुली. मराठीत ते दोन्ही एका शब्दात आणणे मला तरी साधलेले नाही.

चित्रांत काय आहे? उंच टाचांचे बूट घातलेल्या सडपातळ स्त्रिया. कुणी कोचावर पहुडलेली, कुणी रस्त्याने फिरायला निघालेली. आणि त्यांच्या पायांशी पुरुष. खुरटलेले, मोठ्या डोक्यांचे, नीटस कपड्यांतले गावचे प्रतिष्ठित नागरिक, पण रांगणारे. कुणी तळव्याशी तोंड नेतो आहे, कुणी नुसता भीतभीत पाहतो आहे. चित्रांची नावे पाहा: 'यात्रेकरू', 'वसंतोत्सव', 'राजकन्या आणि तिचे खुजे'. जुन्या धर्मचित्रांतली सगळी मांडणी येथे हजर आहे. मिरवणूक आहे, नैवेद्य आहे, गाभाऱ्यातला अंधार आहे. देवाच्या जागी तेवढा बूट आला आहे. आणि तो बूट शुल्ट्सने भक्ताच्या गांभीर्याने काढला आहे. त्यात चावटपणा नाही, डोळा मारणे नाही.

चित्रे काढण्याची रीतही तशीच. काचेच्या तावदानावर काळा थर द्यायचा, सुईने तो खरवडून रेषा उमटवायच्या, मग ती काच फोटोच्या कागदावर ठेवून उजेडात धरायची. जेथे सुई फिरली तेथून प्रकाश आत शिरतो आणि रेष काळी उठते. फ्रेंच भाषेत या रीतीला 'क्लिशे-वेर' म्हणतात. वेळखाऊ आणि खर्चिक काम. छापखान्यात हजारो प्रती काढाव्यात असे ते नव्हेच. शुल्ट्स थोड्याथोडक्या प्रती काढी, हाताने त्यांचे संच बांधी आणि ओळखीच्यांना देई, कधी विकी. ज्या कल्पनेची लोक दार लावून चोरून चव घेतात, तिच्यासाठी हा माणूस तासन् तास सुईने काच खरवडीत बसला होता.

परंतु माझ्या मते त्याचे खरे धैर्य निराळेच आहे. अशा चित्रांचा बाजार सगळ्या देशांत चालतो. त्या बाजारातल्या चित्रांत पाहणारा नेहमी लपलेला असतो. उघडी पडते ती स्त्री. पाहणारा आडोशाला, अग्निमित्रासारखा. शुल्ट्सने हा आडोसाच काढून टाकला. जमिनीवर रांगणाऱ्या त्या पुरुषांपैकी एकाचा चेहरा वारंवार त्याचा स्वतःचा आहे. लपवाछपवी नाही, गावातल्या कुणीही ओळखावा इतका स्पष्ट. 'अर्पण' नावाच्या चित्रात तो तबकात मुकुट घेऊन वाकून पुढे येतो आहे आणि डोळे मात्र आपल्याकडे लावतो आहे. लाज वाटायची असेल तर ती कुणाला वाटावी, याचा निकाल त्याने स्वतःच लावून टाकला होता. 'व्हीनस इन फर्स' या 1870 च्या कादंबरीची ही चित्रे आहेत, अशी सबब तो लोकांना सांगे, म्हणतात. त्या कादंबरीचा लेखक साखेर-माझोख हाही ल्वूव्हचाच, त्याच्याच नावावरून 'मॅसोकिझम' शब्द निघाला. सबब चांगली होती, पण चित्रातला चेहरा ती टिकू देत नसे.

सगळीच चित्रे सारख्या तोलाची नाहीत, हेही सांगायला हवे. संच सलग पाहिला तर कंटाळाही येतो, कारण तीच टाच आणि तेच वाकलेले डोके पुन्हा पुन्हा येते. शिवाय त्या स्त्रियांच्या मनात काय चालले आहे, याची चित्रकाराला चौकशी नाही. मूर्तीच्या मनाची चौकशी कोण करतो? स्त्रीवाचकांना हे खटकले तर मी वाद घालणार नाही.

1928 साली त्रुस्कावेत्स या आरोग्यस्थानी त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. हवापालटासाठी आलेल्या एका वयोवृद्ध सिनेटरांनी ते पाहिले आणि हा बीभत्सपणा ताबडतोब बंद करा म्हणून तक्रार केली. प्रदर्शन बंद झाले नाही. त्या सिनेटरांची मला चेष्टा करावीशी वाटत नाही. मुलाबाळांसह फिरायला आलेल्या माणसापुढे अवचित असे चित्र यावे, आणि त्याने बिचकू नये, ही अपेक्षा जरा जास्तच. फरक एवढाच, की त्यांनी बूट पाहिला, चेहरा पाहिला नाही.

पुढे शुल्ट्स लेखक म्हणून नावाजला. 'दालचिनीची दुकाने' हा कथासंग्रह 1933 च्या अखेरीस आला, दुसरा 1937 मध्ये, स्वतःच काढलेल्या चित्रांसह. चित्राच्या साधनांची हद्द गद्यापेक्षा आखूड असते, असे त्याने लिहून ठेवले आहे. पण गद्यात गेला तरी पाय सुटला नाही. पहिल्या संग्रहात शिवणकामाच्या पुतळ्यांवर भाषण झोडणारे वडील आहेत. सृष्टीच्या उत्पत्तीचे तत्त्वज्ञान रंगात आलेले असते, आणि तेवढ्यात आडेला ही मोलकरीण आपले पाऊल जरा पुढे करते. वडील गप्प होतात आणि गुडघे टेकतात. चित्रांत ज्याची फक्त आसक्ती दिसत होती, त्याचे येथे हसूही येते आणि कणवही येते. मालविकेच्या अंकाला मला शेजार सापडला तो येथे.

1941 मध्ये जर्मन आले. फेलिक्स लांडाउ या गेस्टापोच्या अधिकाऱ्याला शुल्ट्सच्या हातातली कला उपयोगी वाटली. आपल्या मुलांच्या खोलीच्या भिंतींवर त्याने त्याच्याकडून परीकथांची चित्रे काढून घेतली. मोबदला म्हणजे खाणे आणि काही दिवसांचे संरक्षण. 19 नोव्हेंबर 1942 रोजी दुसऱ्या एका गेस्टापो अधिकाऱ्याने द्रोहोबिचच्या रस्त्यावर त्याला गोळी घातली. लांडाउने त्या अधिकाऱ्याच्या आश्रयातला ज्यू मारला होता, त्याचा हा सूड, असे सांगतात. शुल्ट्स तेव्हा पन्नास वर्षांचा होता.

ती भिंत 2001 साली एका जर्मन चित्रपटकाराला सापडली. मुलांची खोली आता एका वृद्ध जोडप्याची कोठीची खोली झाली होती, आणि चित्रे रंगाच्या थरांखाली गेली होती. त्यांतले काही भाग त्याच वर्षी काढून जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेत नेण्यात आले, त्यावर मोठा वाद झाला. उरलेले द्रोहोबिचच्या संग्रहालयात राहिले. भिंतीवर राजकन्या आहे, खुजे आहेत, घोडागाडी आहे. बोलता येण्याआधीपासून आपण घोडागाड्या काढीत होतो, असे शुल्ट्सने 1935 साली लिहिले होते. ज्या ज्यू माणसाला आता गाडीत बसायचीही बंदी होती, त्याने मारेकऱ्याच्या मुलांसाठी पुन्हा गाडी काढली. आणि गाडीवानाला, जुन्या सवयीप्रमाणे, स्वतःचा चेहरा दिला. या चित्रात मात्र तो कुणाच्या पायाशी नाही. वर बसला आहे, आणि लगाम त्याच्या हातात आहे.