जपानमधील नगरे आणि नगरांत दडलेली खेडी

जपानच्या २०२० सालच्या खानेसुमारीनुसार त्या देशातील शेकडा ९१ हून अधिक लोक नगरांत राहतात. १९२० साली तेथे पहिली खानेसुमारी झाली, तेव्हा हे प्रमाण शेकडा १८ होते. या पालटाचे श्रेय कारखानदारीला देण्याचा प्रघात आहे. आणि तोक्यो, नागोया, ओसाका या औद्योगिक पट्ट्याकडे लोटलेले तरुणांचे लोंढे पाहता तो निराधारही नव्हे. परंतु या आकड्याचा बराच भाग कारखान्यांनी नव्हे, तर कायद्याने घडविला आहे, याचा विसर पडतो.

‘शी’ म्हणजे नगर, ही जपानात शासनमान्य पदवी होय. १९५३ च्या कायद्यान्वये गावे परस्परांत विलीन करून नवी नगरे निर्माण करण्यात आली, आणि १९५० साली शेकडा ३७ असलेले नागर प्रमाण १९५५ साली ५६ वर गेले. एवढ्या अल्पावधीत एवढी माणसे खेड्यांतून उठून गेली नव्हती. पुष्कळ ठिकाणी शेतकरी आपल्या शेतातच होता, त्याच्या गावाचे नाव तेवढे बदलले. विलीनीकरणाची दुसरी लाट २००५ च्या सुमारास आली. त्या वर्षी विस्तारलेल्या ताकायामा नगराचे क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक असून त्याचा नऊ-दशांशाहून अधिक भाग अरण्य आहे!

तेथील संख्याशास्त्रज्ञांना हा दोष दिसला नाही असे नाही. १९६० पासून ते दाट वस्तीचे प्रदेश निराळे मोजतात: दर चौरस किलोमीटरास साधारण ४,००० माणसे, आणि सलग वस्ती किमान ५,००० ची. या मापाने २०२० साली नागर लोक शेकडा ७० च भरले, तेही देशाच्या साडेतीन टक्के भूमीवर. म्हणजे निदान एक-पंचमांश जनता कागदोपत्री नगरवासी असून प्रत्यक्षात विरळ वस्तीत राहते. (भारतात नेमके उलट चित्र आढळते. २०११ च्या खानेसुमारीने नगर ठरविलेल्या साडेतीन हजारांहून अधिक वस्त्यांना नगराचा कायदेशीर दर्जाच नव्हता.)

हा केवळ शब्दच्छल नव्हे. दवाखाना किती अंतरावर हवा, बसगाडी कोठवर जावी, हे पदवी पाहून ठरविल्यास डोंगरातल्या वृद्धांवर अन्याय होईल. नियोजनकारांनी पहिला आकडा बाजूस ठेवून दुसराच हाती घेतला पाहिजे. होक्काइदोतील युबारीत १९६० साली एक लाखाहून अधिक लोक होते. कोळशाच्या खाणी बंद पडल्या, आणि २०२० साली आठ हजारही उरले नाहीत. प्राथमिक शाळा एकच राहिली. युबारीची पदवी मात्र अबाधित आहे, आणि तेथील प्रत्येक रहिवासी त्या शेकडा ९१ मध्ये गणला जातो.