मालाची गाडी आणि घरची माणसे



बार्शीच्या एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. उन्हाळ्यात त्या पापड, कुरडया, शेवया करून विकतात. त्यांचे यजमान म्हणतात, जुनी का होईना, एक कार्गो व्हॅन घेऊ. विकायचा माल थोडाच, बाकी गाडी घरचीच. शेतावरून ज्वारीची पोती आणायची, आंब्याच्या पेट्या आणायच्या आणि सुट्टीत मागे सतरंजी टाकली की सगळे घर पंढरपूरला! त्या विचारतात, ‘गाडी घरच्या वापराला आहे, तेव्हा कर्ज आणि विमा साध्या मोटारीसारखाच ना?’ आणि शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे: ‘कर्जाच्या कागदावर माझीही सही लागते म्हणे. करू का?’

ही बारीक अक्षरातली ओळ वाचून मला आमचे 2023 साल आठवले. तेव्हा आम्हीही हेच केले होते. सासऱ्यांची थोडी शेती आहे, भाऊजींचा मंडपाचा छोटा व्यवसाय आहे आणि ह्यांना गाड्यांची हौस. दोन वर्षे वापरलेली, पुढे दोन माणसांची जागा आणि मागे मोकळा पत्रा अशी पेट्रोलची व्हॅन घरी आली. पुढच्या काचेला हार घातला, मी चाकाखाली लिंबू ठेवले, आणि कागद मात्र कोणी वाचले नाहीत.

आधी कर्जाचे बघू. मालाची गाडी म्हटली की बहुतेक बँका आणि फायनान्सवाले तिच्याकडे धंद्याची गाडी म्हणूनच पाहतात. घरच्या मोटारीपेक्षा व्याज सहसा जास्त, मुदत कमी, आणि गाडी जुनी असली तर त्याहून कडक. आम्हाला तीन लाख हवे होते. फायनान्सचा माणूस घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, ‘वहिनी, फक्त नऊ टक्के, फ्लॅट.’ आमच्या सहकारी बँकेनेही नऊच टक्के सांगितले होते. दोन्ही नऊच, मग घरी येऊन चहा पिणारा बरा, असे ह्यांचे मत पडले.

मी सकाळच्या शाळेत सातवीला गणित शिकवते. सरळव्याजाचे उदाहरण फळ्यावर घालताना कुठेतरी खटकले. घरी येऊन वही घेऊन बसले. फ्लॅट व्याज म्हणजे चारही वर्षे पुऱ्या तीन लाखांवर व्याज. वर्षाला 27,000, चार वर्षांचे 1,08,000. हप्ता बरोबर 8,500. बँकेचे व्याज घटत्या शिलकीवर, म्हणजे जेवढे फेडाल तेवढ्यावरचे थांबते. तिथे हप्ता सुमारे 7,466 आणि चार वर्षांचे सगळे व्याज 58,000 च्या थोडे वर. नऊ आणि नऊमध्ये पन्नास हजारांचा फरक! फ्लॅटचे ते नऊ टक्के घटत्या शिलकीच्या भाषेत मांडले तर 16 टक्क्यांच्या आसपास जातात. ह्यांनी वही दोनदा तपासली. चूक सापडली नाही तेव्हा ‘तू शाळेत फार कडक असणार’ एवढेच म्हणाले.

आता हे ओळखणे सोपे झाले आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे कर्ज देणाऱ्याने ग्राहकाला कर्जाची मुख्य माहिती सांगणारा एक वेगळा कागद द्यावा लागतो. त्यात प्रोसेसिंग फी वगैरे सगळे धरून वर्षाचा खरा दर टक्क्यांत लिहिलेला असतो. त्याला एपीआर म्हणतात. ‘फ्लॅट’, ‘रिड्यूसिंग’ हे शब्द ऐकून घ्या आणि दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवा. कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड किती, तेही तिथेच विचारा. भिशी लागली की कर्जात भरू, असे आपण ठरवलेले असते ना!

आता बार्शीच्या ताईंचा मुख्य प्रश्न. घरच्या वापराला घेतली म्हणून मालाची गाडी घरची होत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात जी गाडी माल वाहण्यासाठीच बनवलेली आहे ती मालवाहू गाडी, म्हणजे परिवहन वाहन. मग तुम्ही त्यात पापड न्या नाहीतर माहेरची भांडी. पाटी पिवळी. फिटनेसचा दाखला नव्या गाडीला पहिली दोन वर्षे मिळतो, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी घ्यावा लागतो. एक सवलत आहे. एकूण वजन 3,000 किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही, आणि ह्या छोट्या व्हॅन त्यात बसतात. लायसनचीही भीती नको. साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतची परिवहन गाडी चालवता येते, असे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्के केले. मी स्वतः चालवते. पेट्रोल पंपावरचा मुलगा अजून मागे पाहतो की ड्रायव्हर कुठे आहे!

विम्याचा हप्ता मात्र डोळे पांढरे करणारा. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, ज्याला थर्ड पार्टी म्हणतात, कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या तक्त्यात हजार ते दीड हजार सीसीच्या खाजगी मोटारीला वर्षाचे 3,416 रुपये होते. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला 16,049! वर कर वेगळा. इंजिन तेच, बाहेरचा पत्राही तोच. घरखर्चाच्या वहीत हप्त्याशेजारी हा आकडाही लिहून मगच गाडीला होकार द्या.

आणि हा एवढा मोठा हप्ता पाहिला की एजंट तो ‘कमी करून’ देतो. आमच्याही एजंटाने दिला. आम्ही खूश. पुढच्या पावसाळ्यात भाऊजी मंडपाचे बांबू घेऊन जात होते, वळणावर गाडी घसरून कठड्यावर आदळली. देवाच्या कृपेने भाऊजींना खरचटलेसुद्धा नाही. बंपर, एका बाजूचा दिवा, बॉनेट आणि रंग मिळून बिल झाले 18,400. कंपनीकडून काय मिळाले म्हणाल? काहीच नाही. मालगाडीच्या विम्यात दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट, बाजूचे पत्रे, बंपर आणि रंग हे भाग एरवी धरतच नाहीत, गाडी पूर्ण गेली तरच धरतात. ते हवे असतील तर थोडा जास्त हप्ता भरून ‘आयएमटी 23’ नावाची पुरवणी घ्यावी लागते. ती घेतली तरी ह्या भागांचा अर्धा खर्च आपल्यालाच सोसावा लागतो. एजंटाने ‘कमी करून’ दिले होते ते हेच कलम काढून. लहान धडकेत ह्याच वस्तू तर फुटतात! त्या महिन्यात मी पाटल्या मोडायच्या का ह्या विचारापर्यंत गेले होते. शेवटी भाऊजींनी दोन लग्नांच्या मंडपांची आगाऊ रक्कम त्यात घातली.

पण पैशाचे एक वेळ भागते. सतरंजीचे काय?

आमच्या सासूबाईंना चैत्रात जोतिबाला जायचे होते. घरची आठ माणसे. ‘दारात एवढी गाडी असताना एसटीने का?’ प्रश्न रास्त वाटतो ना? गॅरेजवाला तर मागे बाक बसवून द्यायला तयार होता, चार हजारांत. मी नाही म्हटले. घरात आठ दिवस अबोला. जाऊबाई एवढेच म्हणाल्या, ‘गाडी चालवायला लागल्यापासून हिला फार कळायला लागलंय.’

मला कळले होते ते विम्याच्या कचेरीत, भाऊजींच्या अपघातानंतर. सर्व्हेअरने पहिलाच प्रश्न विचारला, ‘मागे माणसं होती का?’ मालगाडीत मालक, चालक, आणि 1994 च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस, अशांना विम्यात जागा आहे. तीही मालाबरोबर जाताना, पुढच्या बैठकीवर. फुकट बसवून नेलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2002 मध्ये सांगितले आहे. काही वेळा कोर्ट कंपनीला आधी भरपाई द्यायला लावते, पण मग कंपनी ती मालकाकडून वसूल करते. म्हणजे नणंदेच्या मुलाला काही झाले तर दवाखाना, कोर्ट आणि वसुली तिन्ही आपल्याच दारात. बाक बसवला तर आणखी वाईट, कारण नोंदणीत नसलेला असा बदल करायला परवानगीच नाही.

हे सगळे मी सासूबाईंना एका दमात सांगितले नाही. एसटीची आठ तिकिटे मीच काढून आणली आणि व्हॅनमधून फक्त प्रसादाचे सामान नेले. परत येताना त्या माझ्याशेजारी पुढे बसल्या, मांडीवर नारळाची पिशवी घेऊन. ‘हा माझा माल,’ म्हणाल्या. अबोला तिथे संपला.

तर बार्शीच्या ताई, पंढरपूरची हौस खरी असेल तर मालाची नको, त्याच जातीची पाच माणसांची व्हॅन बघा. पांढरी पाटी, विमा कमी आणि मागे सामानाला बरीच जागा. घरची ज्वारी त्यात खुशाल आणा. मात्र तिच्या विम्यात विक्रीचा माल वाहणे बसत नाही. गिऱ्हाइकांकडे पापडांच्या पेट्या पोचवताना अपघात झाला तर कंपनी बोट ठेवील. पापडांचा व्याप वाढवायचा असेल तर पिवळ्या पाटीची गाडी घ्या आणि माणसांसाठी एसटी आहेच. दोन्ही एकाच गाडीत बसवायला जाल तर विमा आहे असे वाटत राहील आणि वेळेला नसेल.

गाडी कोणाच्या नावावर, हेही आधी ठरवा. मालकाने स्वतः गाडी चालवताना अपघात झाला तर त्याच्यासाठी 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पण तो मालक असेल आणि त्याच्याकडे लायसन असेल तरच. कौतुकाने गाडी बायकोच्या नावावर केली, ती चालवत नाही आणि चालवतात यजमान, तर त्यांना ह्यातले काही मिळत नाही. मग त्यांचा वेगळा अपघात विमा काढा, नाहीतर तुम्ही गाडी शिका. मी म्हणेन शिकाच!

विम्याच्या कागदावर बँकेचे नाव असते, हे लक्षात ठेवा. गाडी चोरीला गेली तर भरपाई आधी बँकेकडे जाते, आणि कर्ज त्याहून जास्त उरले असेल तर हप्ते चालूच राहतात. कर्ज फिटल्यावर बँकेचा दाखला आणि नमुना 35 घेऊन आरटीओत ते नाव काढून घ्यायचे. पुष्कळ जण पेढे वाटतात आणि हे विसरतात.

आणि सही. सहकर्जदार म्हणून सही केली की कर्ज अर्धे तुमचे होत नाही, सगळेच तुमचे होते. यजमानांचे हप्ते थकले तर बँक तुमच्या पापडांच्या पैशांकडेही बघू शकते. म्हणून सही करूच नका असे मी म्हणत नाही, मीही केली. पण आधी तो एपीआरचा कागद मागून घ्या, एक दिवस घरी ठेवा, आणि विम्याच्या कागदावर ‘आयएमटी 23’ आहे का ते बोट ठेवून वाचा. एजंट घाई करायला लागला तर त्याला आणखी एक चहा द्या आणि उद्या यायला सांगा.