उपकरणांची भाषा एक हवी

मिक्सर एका कंपनीचा, भिंतीवरचे सॉकेट दुसऱ्या कंपनीचे, वीज पुरवणारे तिसरेच. तरीही बटण दाबताच पाते फिरू लागते. यात आपल्याला काही नवल वाटत नाही. पण त्यामागे मोठी समजूतदारी आहे. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट व वारंवारता ५० हर्ट्झ ठरलेली आहे. पिनांचे आकार व त्यांतील अंतरे 'आयएस १२९३' या भारतीय मानकाने ठरवून दिली आहेत. सर्वांनी हे नियम पाळले, म्हणून ग्राहक कोणत्याही दुकानातून कोणताही मिक्सर आणण्यास मोकळा राहिला.

आता 'स्मार्ट' म्हणवणाऱ्या उपकरणांकडे पाहा. फोनवरून लागणारा दिवा, माणसाची चाहूल ओळखणारा संवेदक, दाराचे कुलूप. ही वेगवेगळ्या कंपन्यांची घेतली, तर पुष्कळदा प्रत्येकाचे ॲप निराळे आणि प्रत्येकाची मध्यस्थ पेटी, म्हणजे हबही निराळा. रात्री आजोबा उठले की बोळातला दिवा आपोआप लागावा, एवढी साधी सोयही मग अडून बसते. संवेदकाला चाहूल लागते, पण ती दिव्याला सांगता येत नाही.

असे का व्हावे? झिगबी, थ्रेड, ब्लूटूथ आणि पुष्कळसे वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी वापरतात. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेने भागून पाहा. तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर येईल. झिगबी व थ्रेड यांचे तर रेडिओही 'आयईईई ८०२.१५.४' या एकाच मानकावर बेतलेले आहेत. तरी झिगबीच्या दिव्याला थ्रेडच्या संवेदकाचे म्हणणे कळत नाही. एकाच खोलीत एकजण तमिळमध्ये बोलतो आहे व दुसऱ्याला फक्त बंगाली येते, तसाच हा प्रकार. आवाज पोचतो, अर्थ पोचत नाही.

म्हणजे ही अडचण भौतिकशास्त्राने घातलेली नाही, माणसांनी एकमेकांशी करार न केल्यामुळे ती आली आहे. आणि असे करार माणसांनी पूर्वी केलेले आहेत. इंग्लंडमध्ये एके काळी प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे आटे पाडत असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसत नसे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचा कोन ५५ अंश ठेवून सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली आणि पुढे ती रूढ झाली.

स्मार्ट उपकरणांसाठीही असा प्रयत्न झाला आहे. एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या ॲमेझॉन, ॲपल व गूगल या कंपन्या आणि झिगबी संघटना २०१९ च्या डिसेंबरात एकत्र आल्या. त्यातून ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर' या मानकाची पहिली आवृत्ती निघाली. वाय-फाय असो वा थ्रेड, 'दिवा लाव', 'उजेड निम्मा कर' या आज्ञा कशा सांगायच्या, हे त्यात ठरवलेले आहे. पहिल्या आवृत्तीत धुलाई यंत्रे व फ्रिज नव्हते. ते ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत आले. तेव्हा हे काम अजून चालू आहे, हे विसरू नये.

काही जण म्हणतात, सर्व वस्तू एकाच कंपनीच्या घ्या म्हणजे कटकट मिटेल. त्यात तथ्य आहे. एकाच घरची उपकरणे एकत्र तपासलेली असतात. पण मग आपले घर त्या कंपनीच्या मर्जीवर चालते. अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाचा हब दिवे, कुलपे अशी निरनिराळी उपकरणे एकत्र चालवीत असे. ती कंपनी दुसरीने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. हबमध्ये काहीही बिघाड नव्हता, तरी तो निकामी ठरला.

म्हणून माझे मत असे की, केवळ समान भाषा पुरेशी नाही. ती भाषा सर्वांना वाचता येईल अशी खुली हवी आणि घरातली आज्ञा घरातच पाळली जायला हवी. बोळातला दिवा लावण्यासाठी दूरदेशीच्या संगणकाची परवानगी कशाला?

तुमच्या घरी असे उपकरण असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून एक प्रयोग करा. घरातले वाय-फाय चालू ठेवून बाहेरून येणारी इंटरनेटची तार थोडा वेळ काढा. फोनवरची मोबाइल डेटा सेवाही बंद ठेवा. मग कोणती उपकरणे फोनचे ऐकतात आणि कोणती गप्प बसतात, याची वहीत नोंद करा. पुढचे उपकरण घेताना दुकानदाराला काय विचारायचे, हे ती नोंदच तुम्हाला सांगेल.