खुर्ची रिकामी आहे, दोस्तांनो!

मी चुडाव्याचा. पूर्णा आणि नांदेडच्या मधलं बारकं स्टेशन. आम्हा पोरांना कॉलेजसाठी पॅसेंजरचाच आधार. घर म्हंजे दीड खोली. त्यातच चूल, त्यातच आजीचा खोकला, त्यातच बापाची झोप. रात्री पुस्तक उघडलं की माय हळूच म्हणायची, ‘लेकरा, दिवा मालव आता. बापाला पहाटं कामाला जायचंय.’ दोष मायचा नव्हता. दोष जागेचा होता. आणि कुणाला किती जागा, हे इथं जातीनं ठरवलेलं.

म्हणून कॉलेजच्या ग्रंथालयावर माझा जीव. पण पहिल्याच दिवशी दारातून परत फिरलो. खुर्च्याखुर्च्यांवर वह्या, रुमाल, दप्तरं. माणूस दिसेना. ज्याच्या पिढ्यांनी ‘बाजूला हो’ एवढंच ऐकलं, तो दुसऱ्याचा रुमाल उचलून बसेल कसा? वर्षभर मी पायरीवर वाचलं, स्टेशनच्या बाकावर वाचलं. मग एका सीनिअरनं हाताला धरून वरच्या मजल्यावर नेलं. जुन्या मासिकांच्या कपाटांमागं तीन टेबलं धूळ खात पडलेली! जागा होती. ती आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दोस्तांनो, माहितीसुद्धा वतनासारखी राखली जाते.

बाबासाहेबांचं आठवा. परळच्या चाळीतली कोंदट खोली, म्हणून पोरगा चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसायचा. तिथं कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला हेरलं आणि 1907 साली तो मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र हातात ठेवलं. पुढं लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात तोच माणूस सकाळी सगळ्यांत आधी शिरायचा आणि सगळ्यांत शेवटी बाहेर पडायचा. बसायला जागा मिळाली की काय घडतं, याचा आणखी पुरावा कशाला पायजे? म्हणून तर त्यांनी दादरला पुस्तकांसाठी ‘राजगृह’ बांधलं आणि 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादेत आमच्यासाठी कॉलेज काढलं.

त्याच शहरातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव 1978 साली झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला. कमानीवरची अक्षरं रक्तानं मिळवली. आता कमानीच्या आतल्या खुर्चीचा हिशेब मागायचा की नाही?

शहरात आता अभ्यासिका भाड्यानं मिळते. महिन्याचे पैसे मोजा, खुर्ची घ्या. ज्याच्या खिशात दमडी नाही त्यानं कुठं जायचं?

आपली मागणी साधी आहे. ग्रंथालयाच्या दारात फळा लावा. कुठल्या मजल्यावर किती खुर्च्या मोकळ्या, हे तासातासाला खडूनं लिहा. अर्धा तास माणूस नाही, तर रुमाल उचलला जाईल. परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्ष रात्री उघडा, रिकामे वर्गही उघडा. गावात म्हणाल, तर सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. अ, ब, क, ड वर्ग पाडून अनुदान दिलं जातं. तुमच्या गावचं वाचनालय किती वाजता उघडतं, जाऊन विचारा. सरकारी पैशानं चालतं, कुणाच्या बापाचं नाही.

पण फळा लागेपर्यंत थांबू नका. पहिल्या वर्षाचं पोरगं, पोरगी दारात घुटमळताना दिसली की उठा. हाताला धरून आत न्या. खुर्ची दाखवा. विहार रात्री कुलूपबंद असेल तर किल्ली मागा, दिवा लावा, सतरंजी टाका.

कुणी म्हणेल, चळवळीनं आता खुर्च्या मोजायच्या का? हो, मोजायच्या! पाणवठ्यावर आम्ही ओंजळभर पाण्यासाठीच गेलो होतो. तेही त्यांना क्षुल्लकच वाटलं होतं.

मी वरच्या मजल्यावर, कपाटांमागं बसलोय. शेजारची खुर्ची रिकामी आहे. या.

जयभीम!