खिशात उरलेला रुपया कुठे जावा?

ऑक्टोबर 2025 मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्क्यावर आला. 2012 हे पायाभूत वर्ष धरून सुरू झालेल्या मालिकेतला हा सर्वात कमी दर होता. त्याच्या आधी, 22 सप्टेंबरपासून, जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचे तेल यांच्यावरचा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. पंतप्रधानांनी याला 'बचत उत्सव' असे नाव दिले. पण महिनाअखेरीस किराण्याची वही उघडली की घराघरांत एकच प्रश्न येतो : एवढी स्वस्ताई झाली म्हणतात, मग पैसे उरत का नाहीत?

प्रश्न साधा आहे, पण त्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक, खरोखर किती पैसे वाचले? आणि दोन, जे थोडेफार वाचले ते कुठे खर्च केले तर घराला सर्वात जास्त समाधान मिळेल? पहिल्या प्रश्नावर टीव्हीवर रोज चर्चा होते. दुसऱ्यावर फारशी होत नाही, म्हणून हा लेख.

आकडा देशाचा, हिशेब घराचा

महागाईचा दर शून्याजवळ आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असे नाही. गेल्या वर्षी याच महिन्यात जे भाव होते, त्यापेक्षा ते फारसे वाढले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आणि गेल्या वर्षीचे भाव कसे होते? ऑक्टोबर 2024 मध्ये महागाईचा दर 6.21 टक्के होता आणि खाद्यपदार्थांची महागाई तर 10.87 टक्क्यांवर गेली होती. म्हणजे आधीच उंच चढलेल्या शिडीवर आपण फक्त थांबलो आहोत.

त्यातही सगळ्या वस्तू एकसारख्या वागल्या नाहीत. भाजीपाला बराच उतरला, पण तेल-तूप वर्षभरात 11 टक्क्यांच्या आसपास महागले. सोयाबीन उत्पादकांना भाव मिळावा म्हणून केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केले होते. मे 2025 अखेर ते 10 टक्क्यांवर आणले, तरी तेलाचा भाव पूर्वीच्या जागी आला नाही. म्हणजे भाजी स्वस्त आणि फोडणी महाग! सोन्याने तर 10 ग्रॅमला एक लाखाचा टप्पा कधीच ओलांडला. ज्यांच्या घरी मुलीचे लग्न ठरले आहे, त्यांना 0.25 टक्के हा आकडा सांगून बघा.

जीएसटीचेही तसेच. समजा, एखादे कुटुंब महिन्याला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवर 600 रुपये खर्च करते. दुकानदाराने पूर्ण सूट दिली तर साधारण 66 रुपये वाचतात. सुटे धान्य आणि भाजीपाला यांच्यावर आधीही जीएसटी नव्हता. त्यामुळे ज्याच्या खर्चात गाडी आणि मोठा टीव्ही आहे त्याला हजारोंचा फायदा, आणि ज्याच्या खर्चात डाळ-तांदूळ आहे त्याला 66 रुपयांचा. तरी ते 66 रुपये आहेत, आणि त्यांचे काय करायचे हे आपल्या हातात आहे.

शेवटच्या नोटेचा हिशेब

हेर्मान गोसेन या जर्मन लेखकाने 1854 मध्ये एक साधी गोष्ट मांडली. त्या वेळी त्याच्या पुस्तकाकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. पुढे आल्फ्रेड मार्शलच्या 1890 च्या ग्रंथामुळे असा विचार अर्थशास्त्राच्या वर्गात रुळला. गोष्ट अशी : तहान लागली असताना पाण्याचा पहिला ग्लास अमृत वाटतो, दुसरा बरा वाटतो, तिसरा नको होतो. प्रत्येक वस्तूचे असेच. जसजशी ती जास्त मिळते, तसतसे तिच्यातून मिळणारे वाढीव समाधान कमी होत जाते.

यातून खर्चाचा नियम निघतो. समजा, आठवड्याच्या खर्चातून 50 रुपयांच्या चार नोटा उरल्या, आणि अंडी की फळे असा प्रश्न आहे. समाधानाला गुण देऊ. अंड्यांवर पहिली नोट खर्च केली तर 40 गुण, दुसरीला 25, तिसरीला 10, चौथीला 5. फळांवर पहिल्या नोटेला 30, दुसरीला 20, तिसरीला 15. चारही नोटा अंड्यांवर घातल्या तर एकूण 80 गुण. दोन अंड्यांवर, दोन फळांवर घातल्या तर 115. पैसा तेवढाच, समाधान जवळपास दीडपट. पाचवी नोट मिळाली तर ती फळांवर जाईल, कारण तिथे 15 मिळतात आणि अंड्यांवर 10.

थोडक्यात, सगळ्यात आवडती वस्तू कोणती हा प्रश्न चुकीचा आहे. योग्य प्रश्न असा : ही शेवटची नोट इथून काढून तिथे ठेवली, तर घराचे समाधान वाढेल का? वाढत असेल तर हलवा, नसेल तर हिशेब बरोबर आहे.

आपल्या आया-आज्यांना हे कुणी शिकवले नव्हते, पण त्या हेच करत होत्या. इमाम गझाली आणि नंतर शातिबी यांनी गरजांची जी उतरंड सांगितली, जरुरियात, हाजियात आणि तहसिनियात, म्हणजे अत्यावश्यक, सोयीचे आणि शोभेचे, तिचा रोख थोडा वेगळा आहे. गोसेनचा नियम कुणाची कोणती गरज, हे विचारत नाही. ही उतरंड विचारते. दोन्ही एकत्र ठेवले तर घराचा हिशेब पुरा होतो.

ताटात काय बदलले?

2023-24 च्या सरकारी कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार, दर माणशी मासिक खर्च खेड्यात सरासरी 4,122 रुपये आणि शहरात 6,996 रुपये होता. त्यातला 47.04 टक्के भाग खेड्यात आणि 39.68 टक्के शहरात अन्नावर गेला. 1999-2000 मध्ये खेड्यात अन्नाचा वाटा 59 टक्क्यांच्या वर होता. उत्पन्न वाढले की अन्नाचा वाटा घटतो, हे एर्न्स्ट एंगेलने 1857 मध्येच सांगितले होते. इथवर ठीक.

खरी गंमत अन्नाच्या आत आहे. शहरात तांदूळ-गव्हासारख्या धान्यावर एकूण खर्चाच्या 4 टक्क्यांहूनही कमी रक्कम जाते, आणि पेये, बाहेरचा चहा-नाश्ता, पाकीटबंद पदार्थ यांवर 11 टक्क्यांच्या वर. रेशनवर माणशी 5 किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत आहे. त्यामुळे जो पैसा सुटला, त्यातला मोठा भाग पाकिटात गेला असे दिसते. शाळेला निघालेल्या पोराच्या हातावर दहाची नोट ठेवली की काम भागते. पोरगं खूश, आईची पंधरा मिनिटं वाचली. त्या क्षणाचे समाधान खोटे नाही. पण दहा रुपयांचे कुरकुरे रोज, म्हणजे महिन्याला 300 रुपये. तेवढ्यात महिनाभर एका मुलाला दिवसाआड दोन अंडी मिळू शकतात. गोसेनच्या हिशेबात आजचे समाधान ठळक दिसते आणि उद्याचे पुसट. उद्याचे गुण मोजायचे काम आई-बापालाच करावे लागते.

छोटी पुडी का घेतली जाते?

इथे गरिबाला उपदेश करणे सोपे आहे. घाऊक घ्या, स्वस्त पडेल, असे सगळेच सांगतात. पण रिक्षावाला, फळविक्रेता, कारागीर यांच्याकडे महिन्याचा पगार एकरकमी येत नाही. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात दाखवले होते की मुस्लिम कामगारांमध्ये स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. रोज कमावणारा माणूस रोजच खरेदी करतो. पाव किलो तेल, दहा रुपयांची चहापत्ती. तो मूर्ख नसतो, त्याच्या हातात आज तेवढीच नोट असते.

मग उपाय काय? मोहल्ल्यात बायकांची भिशी चालतेच. तीच भिशी भांड्यांऐवजी तीन महिन्यांच्या तेल-डाळीसाठी चालवली, तर पाच-सहा घरांना घाऊक भाव मिळू शकतो. दुसरे म्हणजे, बहुतेक बंद पाकिटांवर आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर भाव छापणे बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरातला आकडा वाचायची सवय मुलांना लावा. मोठे पाकीट दर वेळी स्वस्तच असते असे नाही. आणि पाच रुपयांच्या पुड्यात किंमत तीच ठेवून वजन कमी करायचे, ही कंपन्यांची जुनी युक्ती आहे.

'बिनव्याजी हप्ते' या पाटीचेही तसेच. प्रोसेसिंग फी किती आणि रोखीने घेतले तर सूट किती मिळाली असती, एवढे दोन प्रश्न दुकानात विचारा. बऱ्याचदा व्याज किमतीत लपलेले असते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या घरांनी तर हे जरूर विचारावे.

कोणाचे समाधान मोजले?

पुस्तकात 'ग्राहक' एकटा असतो. घरात पाच-सात माणसे असतात आणि निर्णय बहुधा एकाच्या हातात. अब्बूंचा मोबाइल, भाईजानची बाईक आणि मुलीची क्लासची फी यांत नोट कुठे जाते? ताटातही तेच. सगळे जेवून उठल्यावर अम्मी बसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. याला कारणे अनेक आहेत, पण घरच्या हिशेबात बाईचे गुण शेवटी मोजले जातात हेही त्यातले एक. महाराष्ट्रात ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिना 1,500 रुपये थेट महिलेच्या खात्यात येऊ लागले. पैसा वस्तूऐवजी रोखीने मिळाला की निवड करता येते. पण कार्ड कुणाच्या खिशात आहे, यावर ती निवड खरोखर तिची आहे की नाही हे ठरते.

वलीम्यातला नववा पदार्थ

आपल्याकडे हिशेब सर्वात जास्त बिघडतो तो लग्नात. पाहुण्याला बिर्याणीच्या पहिल्या ताटाचा आनंद मोठा. नवव्या पदार्थाचा? तो चाखायलाही कुणाला भूक उरत नाही. मग तो ठेवतात कशाला? कारण त्याचे गुण जिभेला मिळत नाहीत, लोकांच्या नजरेला मिळतात. दिखाऊ खर्चाबद्दल थॉर्स्टीन वेब्लेनने 1899 मध्येच लिहून ठेवले आहे. गेल्या महिन्यात शेजाऱ्याने आठ पदार्थ केले, म्हणून मी नऊ. पुढचा दहा करील. सगळ्यांचा खर्च वाढतो आणि कुणाचीच इज्जत वाढत नाही, कारण सगळे पुन्हा एकाच पातळीवर येतात.

एकट्या बापाला यातून बाहेर पडणे जड जाते. त्याने एकट्याने साधे जेवण दिले तर लोक म्हणतात, परवडलं नसेल. पण मोहल्ल्याने, जमातने मिळून मर्यादा ठरवली, तर कुणाचीच मान खाली जात नाही आणि प्रत्येकाचे पैसे वाचतात. घराच्या हिशेबात जे एकट्याला जमत नाही ते असे मिळून जमते. वाचलेल्या रकमेतून नव्या जोडप्याला शिलाई मशीन किंवा मुलीच्या पुढच्या शिक्षणाची फी देता येईल. तसे पाहता, सप्टेंबरच्या फेरबदलात शिलाई मशीनवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, आणि वह्या-पेन्सिलींवरचा शून्यावर. पण या सवलतीची जाहिरात टीव्ही आणि गाड्यांइतकी झाली नाही.

सरकारचाही हिशेब घ्या

नोट नीट वापरा, असे फक्त कुटुंबाला सांगून भागत नाही. सरकारचे बजेटही मर्यादित असते आणि त्यालाही शेवटच्या रुपयाचा नियम लागू होतो. महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे द्यायला 2023 च्या अखेरीस सुरुवात झाली, आणि जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. अंडी द्यायचीच असतील तर शाळांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत असे सांगण्यात आले. गरीब वस्तीतल्या शाळेने तो लोकसहभाग कुठून आणायचा? त्या मुलाच्या ताटातल्या एका अंड्याइतके समाधान सरकारचा तो रुपया दुसरीकडे कुठे देत होता, हे विचारायचा हक्क पालकांना आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. पुढच्या बैठकीत हा विषय मांडा. आणि लग्नसराईचा हंगाम सुरू होण्याआधी मोहल्ल्याच्या बैठकीत वलीम्याच्या पदार्थांचा विषय काढा. त्या बैठकीला बायकांनाही बोलवा, कारण किराण्याची वही त्यांच्याकडे असते.